चिलटांना खोबरेल खाऊ घालताना

ऑगस्ट २०२४. प्रोजेक्टचे विषय वाटताना मॅडमनी वहीत माझ्या नावापुढे ‘हाय फॅट डाएट, ड्रोसोफिला, हार्ट’ असं लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. पॅसेजमध्ये येऊन मी पहिलं काय केलं असेल, तर ड्रोसोफिलाला, म्हणजे फळमाशीला, हृदय असतं का ते मोबाईलवर बघितलं. एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना हे कबूल करायला लाज वाटते. बीएस्सीला झुरळाचं तेरा कप्प्यांचं हृदय पाठ केलं होतं, पण ते आकृतीतलं. दहा महिन्यांनी हे लिहायला बसले आहे, कारण त्या दिवशी कुणीतरी मराठीत ‘हे असं असतं, इतके पैसे जातात, अमुक ठिकाणी रडू येतं’ एवढं सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं.

तर, असतं हृदय. आपण पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारी चिलटं म्हणतो ना, त्यांच्या पोटाच्या भागात, पाठीच्या कातडीला आतून चिकटलेली साधारण एक मिलिमीटरची नळी. भिंतीत स्नायूपेशींचा एकच थर. हिमोलिम्फ नावाचा रंगहीन द्रव ती पुढे ढकलते. ऑक्सिजन नेण्याचं काम तिच्याकडे नाही, ते श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट होतं. त्यामुळे हृदय बरंच बिघडलं तरी माशी हिंडत-फिरत राहते, आणि बिघडलेलं हृदय चालू अवस्थेत बघायला मिळतं. हे हृदय घडवणाऱ्या एका जनुकाचं नाव ‘टिनमॅन’. ते नसेल तर भ्रूणात हृदय तयारच होत नाही, म्हणून ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसाचं नाव त्याला दिलं. त्याच घराण्यातलं जनुक माणसात आहे, एनकेएक्स२-५, आणि त्यात दोष असेल तर जन्मतः हृदयविकार होऊ शकतात. हे वाचल्यावर विषय जरा आपला वाटायला लागला.

माझ्या प्रोजेक्टचा पाया २०१० सालच्या एका शोधनिबंधात होता. कॅलिफोर्नियातल्या रोल्फ बोडमर यांच्या गटानं माश्यांच्या नेहमीच्या अन्नात ३० टक्के खोबरेल घातलं आणि पाच दिवस तेच खायला दिलं. अंगात ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, वाढलं, हृदयाचं आकुंचन मंदावलं, ठोक्याची लाट मध्येच अडायला लागली, नळीची ठेवणही बिघडली. पुढची गंमत अशी की इन्सुलिन आणि टीओआर या पोषणाची खबर ठेवणाऱ्या संदेशसाखळीचा जोर त्यांनी फक्त हृदयाच्या पेशींत कमी केला, किंवा तिथेच चरबी फोडणारं लायपेज वाढवलं, तेव्हा तेच तेलकट अन्न खाऊनही हृदय बरंचसं वाचलं. म्हणजे बाकीचं अंग लठ्ठ असलं तरी हृदयाच्या पेशी आत आलेल्या चरबीचं काय करतात, यावर खूप काही ठरतं. यातलं जनुकांचं काम आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मला साध्या जंगली वाणाच्या माश्यांवर पहिला भाग करून बघायचा होता, एवढंच.

सप्टेंबर कागदांत गेला. आधी सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा, ती दोनदा परत आली. मग ‘फळमाशी पृष्ठवंशीय नाही, त्यामुळे प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागत नाही’ असं लेखी पत्र. परवानगी लागत नाही हे सांगायलाही पत्र लागतं आणि त्यावर तीन सह्या लागतात, हे तेव्हा कळलं. जनुकबदल केलेल्या माश्या घेणार असाल तर जैवसुरक्षा समितीचे कागद वेगळे, म्हणून मॅडमनी कॅन्टन-एस हा साधा वाणच घ्यायला सांगितलं. रसायनांसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आणि तीन कोटेशन. माझी सूचना एकच : इंडेंट पहिल्याच आठवड्यात टाका. माझं प्रोपिओनिक ॲसिड यायला एकवीस दिवस लागले आणि तोवर निम्म्या व्हायल्सना, म्हणजे माश्यांच्या अन्नाच्या छोट्या बाटल्यांना, बुरशी आली होती.

माश्या मिळाल्या पुण्यातल्याच दुसऱ्या एका लॅबमधून, फुकट. या क्षेत्रातली माणसं माश्या मागितल्या तर विरजण दिल्यासारख्या देतात. चार व्हायल्स, कापसाचे बोळे लावलेल्या, मी पीएमपीच्या बसमध्ये मांडीवर धरून आणल्या. शेजारच्या काकूंनी दोन स्टॉप वाट पाहून शेवटी विचारलंच, “औषध आहे का गं काही?”

मग सुरू झाला माश्यांचा स्वयंपाक. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण पहिले तीन महिने मी बाकी काही केलंच नाही. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर (अन्न घट्ट करणारी पूड), पाणी. पिठलं करताना जशा गुठळ्या मोडतो तशा मोडायच्या, अगर नीट विरघळेपर्यंत उकळायचं, खाली लागू द्यायचं नाही. थोडं निवलं की मगच बुरशी रोखणारं प्रोपिओनिक ॲसिड आणि मिथाइल पॅराबेन घालायचं. उकळत्यात घातलंत तर त्या ॲसिडचा वाफारा नाकाडोळ्यांत जातो आणि अख्खा मजला तुम्हाला नावं ठेवतो. साधं अन्न मला दुसऱ्या खेपेला जमलं. तेलाचं मात्र जमेना. १०० मिलिलिटरमागे ३० ग्रॅम खोबरेल म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. वर तेलाचा तवंग, खाली खळ, आणि सकाळी त्या तवंगात पंख चिकटून मेलेल्या माश्या. पहिल्या खेपेला वीसपैकी चौदा गेल्या.

एका पीएचडी करणाऱ्या ताईनं उपाय सांगितला. तेल कोमट करून ठेवायचं, अन्न घट्ट व्हायला लागायच्या जरा आधी ओतायचं, ब्लेंडरनं एकजीव करायचं आणि व्हायल्स लगेच बर्फात उभ्या करायच्या. तवंग यायला सवडच मिळत नाही. वर फिल्टर पेपरची एक पट्टी खोचायची, म्हणजे माशीला बसायला कोरडी जागा राहते. ब्लेंडर मी हॉस्टेलवरच्या मैत्रिणीचा आणला होता. तो तिला परत दिला नाही, नवा घेऊन दिला, अकराशे रुपये.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब दहा दिवस बंद. स्टॉक मरू द्यायचा नव्हता, म्हणून दोन व्हायल्स डब्याच्या पिशवीत घालून मी एसटीनं मालवणला गेले. आजीनं पडवीत व्हायल उजेडाकडे धरून बघितली. “गो, पुण्यासून चिलटां घेवन इलंस? हंय काय कमी आसत?” मग मी त्यांना काय खाऊ घालणार आहे ते सांगितलं, आणि चूक झाली. चौऱ्याऐंशी वर्षं ओल्या नारळावर आणि घाण्याच्या तेलावर काढलेल्या बाईला खोबरेलानं हृदय बिघडतं असं सांगायचं नसतं. “मगे मी अजून जिती कशी आसय?” या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता थोडं आहे. खोबरेल निवडलं ते त्यात साधारण नव्वद टक्के संपृक्त मेद असतो म्हणून, आणि प्रमाण ठेवलं ते कुठल्याच मालवणी घरात नसतं एवढं. शिवाय माशीच्या हृदयाला आपल्यासारख्या वेगळ्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ‘ब्लॉकेज’ हा प्रकारच तिच्यात होत नाही. या प्रयोगावरून फोडणीत काय घालावं ते कुणी सांगायला लागलं तर ऐकू नका. त्यातून कळतं ते स्नायूपेशीत मेद साठल्यावर आत काय बिघडतं ते.

डिसेंबरात वेगळीच अडचण. पुण्याची थंडी, आणि खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं हे तर आपल्याकडे डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बाटली बाथरूममध्ये गरम पाण्याच्या बादलीत उभी करायचा घरचा प्रकार मी लॅबमध्येही केला. पण हीच थंडी कामाला आली. बीओडी, म्हणजे तापमान कायम ठेवणारं कपाट, २५ वर असलं की अन्नातलं तेल पाझरतं. आम्ही तेलाच्या आणि साध्या, दोन्ही गटांच्या व्हायल्स २२ अंशांवर ठेवायला लागलो आणि मरण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. दोन्ही गट एकाच तापमानाला ठेवायचे, हे मी ठळक अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवलं होतं, कारण एका आठवड्यात साधा गट चुकून २५ वर राहिला आणि ते सगळे आकडे टाकून द्यावे लागले.

मरणाऱ्या माश्यांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. सुरुवातीला मी उरलेल्या माश्या मोजून पुढे जात होते. मॅडमनी एकदा सहज विचारलं, “ज्या वाचल्या त्या कुठल्या?” ज्या अन्नावर जास्त बसतात, जास्त खातात, त्याच आधी चिकटून मरत असतील तर माझ्या हाती राहणाऱ्या माश्या कमी खाणाऱ्या. मग मी मोजते आहे ते तेलाचा परिणाम की नुसती निवड? त्या रात्री झोप लागली नाही. दोन महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात वाहून गेलं. जानेवारीपासून प्रत्येक व्हायलवर मेलेल्यांची संख्या आणि तारीख लिहायला लागले, आणि जिथं पाचांहून जास्त मेल्या ती व्हायल मोजणीतून पूर्ण बाद. हा नियम प्रयोगाआधी ठरवा. नंतर ठरवलात तर आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस नियम बदलत राहतो, मीही बदलला असता.

जानेवारीत डिसेक्शन. कोशातून बाहेर आलेल्या माद्या पाच दिवस साध्या अन्नावर, मग पाच दिवस तेलाच्या, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या माद्या साध्याच अन्नावर. सदाशिव पेठेतल्या वैज्ञानिक सामानाच्या दुकानात बारीक टोकाचा फॉर्सेप्स, म्हणजे चिमटा, घेतला, साडेतीन हजार, स्वतःच्या पैशानं. तिसऱ्या दिवशी तो हातातून फरशीवर पडला. टोक वाकलं. ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पॉलिश पेपरवर घासून सरळ करता येतं, पण पूर्वीसारखं होत नाही. टोकावर प्लॅस्टिकची नळी चढवल्याशिवाय तो टेबलावर ठेवू नका.

पेट्री डिशमध्ये व्हॅसलिनचा पातळ थर, त्यात माशी पाठीवर झोपवायची, पंख जरा चिकटवायचे. डोकं काढायचं, पोटाचं टोक कापायचं, खालची कातडी दोन्ही बाजूंनी कापून उचलायची. आतडं, अंडाशय अलगद ओढून काढायचे. मग उरते ती पिवळट-पांढरी चरबी. ती काचेच्या बारीक केलेल्या नळीनं ओढून घ्यायची आणि श्वास रोखून थांबायचं, कारण त्याच्या खाली ती नळी असते आणि एक चुकीचा ओढा तिला फाडतो. हे सगळं कृत्रिम हिमोलिम्फमध्ये, म्हणजे क्षार, साखर आणि ट्रिहॅलोज ही कीटकांच्या अंगातली साखर घातलेल्या, हवा सोडलेल्या द्रावणात बुडवून करायचं.

माझी पहिली वीसेक हृदयं मीच मारली. ती फाटली तरी होती, हे मान्य. पुढच्या आठवड्यात मात्र नळ्या अखंड होत्या, स्वच्छ होत्या, आणि धडधडतच नव्हत्या. दोन दिवस मी थंडीला, बर्फाला, नशिबाला दोष दिला. तिसऱ्या दिवशी ताईनं द्रावणाची बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा साका. कॅल्शियम क्लोराइड मी बायकार्बोनेट आणि फॉस्फेटच्या जोडीनं एकदम ओतलं होतं, आणि ते साक्यात बसलं होतं. द्रावणात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग स्नायू आकुंचन कशाच्या जोरावर पावणार? ताई म्हणाली, लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरचं उलटं झालं होतं. बेडकाचं हृदय त्याच्या मिठाच्या पाण्यात छान चालायचं, आणि १८८३ मध्ये लक्षात आलं की पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचं होतं, त्यातल्या कॅल्शियमवर ते चालत होतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे स्टॉक वेगळे ठेवा आणि सगळ्यात शेवटी, ढवळत, थेंबाथेंबानं घाला.

२३ जानेवारीला संध्याकाळी सव्वापाच वाजता पहिलं हृदय माझ्या डोळ्यांसमोर चाललं. आधी पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही, मग टोकाकडे एक बारीक थरथर, आणि मग कडा एकत्र आल्या, लांब गेल्या, एकत्र आल्या. सेकंदाला दोनेक ठोके. भिंत इतकी पारदर्शक की हललं नाही तर ती आहे हेच कळू नये. मी लॅबमधल्या मामांना हाक मारून दाखवलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “एवढ्याश्याला पण चैन नाही.”

मोजायचं कसं? यासाठी सेकंदाला शंभर-दोनशे चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो, तो आमच्याकडे नव्हता. एका मोठ्या संस्थेत तीन दिवस मिळाले, पण त्यासाठी विभागप्रमुख, प्राचार्य, तिथले विभागप्रमुख असा अर्ज फिरला आणि सव्वा महिना गेला. तोवर मी मोबाईल सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला टेकवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करून सराव केला. त्यावर ठोके मोजता येतात, व्यास नाही. संस्थेत गेल्यावर पहिला दिवस गेटपासमध्ये गेला, आधारकार्डाची प्रत विसरले होते. माश्या मात्र वेळेवर वयात आल्या होत्या, त्या थांबत नाहीत. कॅमेऱ्याची तारीख नक्की झाल्याशिवाय माश्यांचं वेळापत्रक आखू नका, आणि दर दोन दिवसांनी एक वेगळी तुकडी बाहेर येईल अशी सोय ठेवा.

चित्रफितीतून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर एक बारीक आडवी पट्टी कापून ती वेळेनुसार शेजारीशेजारी लावायची. टूडी इको काढलेल्यांनी एम-मोडचा लाटांसारखा पट्टा पाहिला असेल, अगदी तसाच पट्टा मिळतो. वरची आणि खालची रेघ म्हणजे हृदयाच्या भिंती. साध्या अन्नाच्या माश्यांच्या रेघा शाळेतल्या मुलांच्या रांगेसारख्या. तेलाच्या काही माश्यांत मध्येच लांबलचक विसावा, मग घाईघाईनं तीन ठोके. काहींत मात्र काहीच फरक नाही.

शेवटी हाती आलेली हृदयं : साध्या गटातली अकरा, तेलातली नऊ. ट्रायग्लिसराइड स्पष्ट वाढलं होतं. ते मोजायला महागडं किट लागत नाही, पॅथॉलॉजी लॅबवाले रक्तासाठी वापरतात तेच चालतं, फक्त माश्या चटणीसारख्या नीट वाटून घ्या आणि प्रथिनांच्या प्रमाणात आकडा काढा. ठोक्यांची अनियमितता तेलाच्या गटात जास्त दिसली. आकुंचनातला फरक होता अपेक्षित दिशेनंच, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. नऊ हृदयांत उतरणारही नव्हता. मी दोन दिवस रडून घेतलं आणि मग तसंच लिहिलं. एका हृदयाला सोडून दिलं तर आकडा बसत होता, हेही इथं सांगून टाकते. सोडलं नाही.

एप्रिलमध्ये लिखाण. साहित्यचोरीच्या तपासणीत दहा टक्क्यांच्या आत बसायचं असतं, माझे पहिल्यांदा सतरा आले. सगळे पद्धतींच्या प्रकरणातले, कारण द्रावणाची कृती किती वेगवेगळ्या शब्दांत सांगणार? तीन प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, अप्पा बळवंत चौकाजवळ साडेनऊशे रुपये. मुखपृष्ठावर माशीच्या शास्त्रीय नावातल्या ‘मेलॅनोगॅस्टर’चं स्पेलिंग चुकलं, त्याचे आणखी तीनशे. छापायला देण्याआधी फक्त मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. आपल्याला ते दिसत नाही.

तोंडी परीक्षा १९ मे. बाहेरून आलेल्या सरांनी पहिली वीस पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, “माशीनं तेल खाल्लं कशावरून? नुसती तेलात लोळली असेल तर?” हा प्रश्न येणार हे मला मार्चमध्येच सुचलं होतं. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून निळा रंग आणून दोन्ही अन्नांत घातला होता आणि पोटं निळी झालेल्या माश्या वाटून रंग मोजला होता. तेलाच्या माश्यांनी खाल्लं होतं, पण साध्यांपेक्षा कमी. “मग साखरही कमी गेली पोटात,” सर म्हणाले. हो, गेली. “मग हा परिणाम मेदाचा की साखर कमी झाल्याचा?” मी म्हटलं, माझ्या प्रयोगावरून सांगता येणार नाही, त्यासाठी साखर जुळवून घेतलेला तिसरा गट लागेल. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. बहात्तर गुण मिळाले.

स्टॉक आता पहिल्या वर्षातल्या एका मुलीकडे आहे. तिला ब्लेंडरही दिला, जुना, ज्याला अजून खोबरेलाचा वास येतो. तिसऱ्या गटाचं तिनं मनावर घेतलं आहे.

नो ड्यूजच्या फॉर्मवर ग्रंथालय, कार्यालय, हॉस्टेल, लॅब अशा चार सह्या लागतात. लॅबमध्ये मामांनी व्हायल्स एकेक करून मोजल्या. दिलेल्या दोनशे बारा, परत आलेल्या दोनशे सात. फुटलेल्या पाचांचे पंचवीसप्रमाणे एकशे पंचवीस रुपये. पावती फाडून झाल्यावर ते म्हणाले, “आणि चिलटं किती घेतली होती?”